संगीत शारदा घेऊन जुन्या नाट्यगृहांत आणि देवळांत दौरा करायचाय, अनुभवी लोकांनी सांगा

कृष्णाकाठचा_कोदंड

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आमची हौशी नाट्यसंस्था आहे, शिक्षक, बँकेतले दोघंतिघं, एक मेडिकलवाले, कॉलेजची मुलंमुली आणि पायपेटीला निवृत्त संगीत शिक्षक, असा सगळा गोतावळा. आत्तापर्यंत गणपतीच्या मांडवात, शाळेच्या हॉलमध्ये आणि राज्य नाट्य स्पर्धेला असं करत आलो. सध्या गोविंद बल्लाळ देवलांचं संगीत शारदा बसवलंय, पाच अंकी आहे पण कापून अडीच पावणेतीन तासात आणलंय, पदं मात्र शक्यतो ठेवलीत कारण पदं काढली तर मग शारदा कशाला करायचं असं आमच्या सगळ्यांचं मत.

आता डोक्यात असं आलंय की हे नाटक नुसतं आपल्या गावात चार प्रयोग करून ठेवून द्यायचं नाही, जिथं संगीत नाटक वाढलं तिथंच जाऊन करायचं. म्हणजे सांगली, हरिपूर, मिरज, कोल्हापूर, जमलं तर पुढं घाट उतरून सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या देवळांत. पैसा फार नाही, एक टेम्पो आणि एक मिनीबस एवढीच झेप आहे. सेट आमचा शाळेच्या हॉलच्या मापाचा, लाइट भाड्याचे, माइक पण भाड्याचे.

विचारायचंय ते असं, की जुन्या वास्तूत प्रयोग करताना नक्की काय बदलावं लागतं? आवाजाचं काय होतं? देवळात करायचं तर कुणाशी बोलायचं? आणि केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागल्यानंतर कोल्हापुरात आमच्यासारख्यांनी कुठं करायचं? कुणी असा दौरा केला असेल तर जरा सविस्तर लिहा, आमच्या ग्रुपवर सगळे वाचणार आहेत.

गावभागकर

खूप छान बेत आहे, आणि सांगलीपासून सुरू करताय हे तर फारच योग्य. जरा लांबण लावतो पण दौऱ्याशी संबंध आहे म्हणून सांगतो.

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने सीतास्वयंवर केलं, 5 नोव्हेंबर, म्हणून तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो, हे सगळ्यांना माहितीच आहे. पण त्याच्या पुढचा भाग लोक विसरतात. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि मंडळींचा राजाश्रय संपला. मग भाव्यांनी काय केलं, तर मंडळी घेऊन गावोगाव बाहेर पडले आणि 1853 मध्ये मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे मराठी नाटकाचा धंदा उभा राहिला तो सांगलीसारख्या गावातल्या, आश्रय तुटलेल्या कंपनीनं बिऱ्हाड उचलून दौरा काढला म्हणून. तुम्ही जे करू बघताय त्याचं मूळ तिथंच आहे, त्यामुळे आपण छोट्या गावचे, हौशी, असलं काही मनात आणू नका.

आता कामाचं. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर हे ठिकाण आहेच, दर 5 नोव्हेंबरला भावे गौरव पदक देतात ती अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती सांगलीचीच. नोव्हेंबरच्या सुरुवातीची तारीख मिळेल अशा आशेवर राहू नका, कार्यक्रमांची आणि पुढं स्पर्धेची गर्दी असते. जुलै ऑगस्ट तर नकोच, 2019 च्या पुरात सांगलीत काय झालं ते तुम्ही जवळूनच बघितलं असेल, त्या दिवसांत कृष्णेची पातळी बघत बसायचं की तालीम करायची.

आणि हरिपूर सोडू नका म्हणजे नका. देवलांचा जन्म 1855 चा, हरिपूरचाच. कृष्णा वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, तिथला पार. त्या पारावर बसून देवलांनी शारदा लिहिलं असं गावातले लोक सांगतात. तिथं प्रयोग करायचा म्हणजे पूर्ण सेट घेऊन जाण्यात अर्थ नाही, उघड्यावर फ्लॅट, म्हणजे सेटच्या उभ्या चौकटी, वाऱ्यानं हलतात आणि खोटे दिसतात. माझं ऐका, हरिपूरला सगळं नाटक न करता दोन अंक करा किंवा निवडक प्रवेश आणि पदं करा, पाठीमागं देऊळ आहे, घाट आहे, त्याच्यापुढं आणखी काय नेपथ्य उभं करणार. भुजंगनाथाचा, म्हणजे शारदेशी लग्न करू बघणाऱ्या पैसेवाल्या म्हाताऱ्याचा, घोडनवरा होऊन मिरवायचा जो सगळा थाट आहे तो गावाच्या रस्त्यावरून आणता आला तर बघा, गावातली पोरं आपोआप वरातीत सामील होतील.

पेठेतला_पेटीवाला

गावभागकर काकांनी मिरज एका ओळीत पण घेतलं नाही म्हणून मी लिहितो 🙂

बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत 1905 ला आले आणि शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. आज मिरजेतल्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे. शिवाय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अजून गाणं होतं. ऐकणारा माणूस मिरजेत मिळतो, नाट्यपदाला नुसती टाळी नाही पडत, जागा घेतली की मान हलते आणि चुकली तर तेही कळतं. त्यामुळे पहिला प्रयोग मिरजेत करू नका असं मी म्हणेन, दोनचार ठिकाणी गळा मोकळा झाला की मग या.

दुसरं म्हणजे वाद्यं. तुमच्याकडं पायपेटी आहे म्हणालात, ती खरी जुनी ऑर्गन आहे का घडीची पायपेटी आहे ते सांगा, कारण जुनी असेल तर टेम्पोत आडवी टाकून नेऊ नका, भाता आणि पायडलच्या पट्ट्या धक्क्यानं जातात, उभी, खाली गादी, चारी बाजूनं बांधून. घाट उतरून कोकणात गेलात की दमटपणानं सूर अडकायला लागतात, एखादा सूर सतत वाजतच राहतो, भर पदात असं झालं तर गाणाऱ्याचं काय होईल विचार करा. म्हणून एक साधी हातपेटी सोबत ठेवायचीच. तबल्याचं तेच, कोकणात पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, उतरते, वादकाला अंक सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात वेळ द्यायला लागतो, दिग्दर्शकानं घाई करू नये. तंबोऱ्याचं काही काम असेल तर मिरजेतच करून घ्या, सितार तंबोरे बनवणारी घराणी आहेत इथं, त्यांच्याइतकं चांगलं काम दुसरीकडं होणार नाही.

आणि वादक कुठं बसवणार ते आत्ताच ठरवा. जुन्या पद्धतीत पेटीवाला रंगमंचाच्या पुढं खाली, नटाच्या डोळ्यासमोर. आजकाल विंगेत बसवतात आणि मॉनिटरवर भागवतात. शारदासारख्या नाटकात गाणारा आणि वाजवणारा एकमेकांना दिसलेच पाहिजेत, आलाप किती घेणार हे त्या दिवशीच्या बैठकीवर ठरतं, ते मॉनिटरवर कसं कळणार.

खासबाग_कोल्हापूर

केशवरावचं नाव निघालं की अजून पोटात कालवतं बघा. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी 9 ऑगस्ट, केशवराव भोसल्यांची जयंती, आणि आदल्या रात्री थिएटर पेटलं. अख्खं कोल्हापूर रस्त्यावर होतं, जुने नट, बॅकस्टेजची पोरं, ऑर्केस्ट्रावाले, सगळी रडत होती. छप्पर गेलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती राहिल्या.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे थिएटर राजर्षी शाहू महाराजांनी 1913 ला बांधायला घेतलं आणि 1915 ला पुरं केलं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. शेजारीच कुस्तीचं खासबाग मैदान, ते पण महाराजांचंच. कुस्ती आणि नाटक एका भिंतीला लागून, असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. महाराजांनी गवयाला आणि मल्लाला सारखाच मान दिला, ते ह्या दोन वास्तूंकडं बघून कळतं. केशवराव स्वतः कोल्हापूरचे गायक नट, 1908 ला हुबळीत त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली, आणि 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमान केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, वय फक्त एकतीस. थिएटरला त्यांचं नाव पुढं 1957 ला दिलं.

आता तुमच्या प्रश्नाचं. जुनं रूप राखूनच ते परत उभं करायचं असं ठरलंय, पण काम कुठवर आलंय आणि प्रयोगाला तारीख मिळते का हे महापालिकेत जाऊन विचारा, फोनवर किंवा बातमीवर विसंबू नका. आमच्याकडच्या हौशी संस्थांची त्या आगीनंतर खरी पंचाईत झाली, मोठी व्यावसायिक नाटकं दुसऱ्या हॉलला गेली, पण आमच्यासारख्यांना तो रंगमंच म्हणजे तालमीची सवय होती, आवाज कुठवर जातो ते अंगात बसलेलं होतं. गायन समाज देवल क्लबशी बोला, संगीत ऐकणारी माणसं तिथं येतात. छोट्या हॉलमध्ये बिनमाइकचा प्रयोग करून बघा, लोकांना लई आवडंल.

एक विनंती आहे. थिएटर पूर्ववत सुरू झालं की तुमच्यासारख्या संस्थांनी तिथं यायला पाहिजे. नुसती मुंबईची नाटकं शनिवार रविवारी येऊन गेली तर ते थिएटर कोल्हापूरचं राहणार नाही. महाराजांनी ते बांधलं तेव्हा इथल्या कलावंतासाठी बांधलं.

विंगेतला_माणूस

मी लाइट आणि सेटचं काम करतो, मोठ्या नाटकांबरोबर पण फिरलोय आणि हौशींबरोबर पण. सगळ्यांनी इतिहास छान सांगितला, आता जरा तंत्राचं बोलू कारण दौरा तिथंच अडकतो.

पहिलं, बुकिंग करायच्या आधी स्वतः जाऊन माप घ्या. रंगमंचाच्या दर्शनी कमानीची रुंदी, उंची, खोली, आणि सगळ्यात महत्त्वाचं दोन्ही विंगांत जागा किती आहे. शाळेच्या हॉलच्या मापाचा सेट मोठ्या स्टेजवर नेला की मध्येच बेट झाल्यासारखा दिसतो, आणि देवळाच्या मंडपात नेला तर मावत नाही. त्यामुळे एकसंध सेट करूच नका. 4 बाय 8 फुटाचे सुटे फ्लॅट करा, मागून बिजागरीनं जोडायचे, मोठ्या स्टेजला आठ लावा, छोट्याला चार, देवळात एकही नाही. शारदाला लागतं काय हो खरं तर? एक घराची ओसरी, एक देवळाचा वगैरे भाग, भुजंगनाथाकडचा थाट. जुन्या कंपन्या हे सगळं रंगवलेल्या पडद्यांवर भागवायच्या, पडदा गुंडाळायचा आणि पुढच्या गावाला चालू पडायचं. मी तर म्हणतो तुम्ही दोन रंगवलेले पडदे करून घ्या, टेम्पोतली निम्मी जागा वाचेल आणि नाटकाला शोभेल पण. रंगवणारा चांगला बघा, फ्लेक्स छापून लावू नका, कृपा करा, फ्लेक्सवर लाइट पडला की चकाकतो आणि सगळी मजा जाते.

दुसरं लाइट. खासबागवाल्यांनी आगीचं लिहिलं, त्यानंतर तरी आपण सगळ्यांनी हे डोक्यात घ्यायला पाहिजे. जुन्या वास्तूत लाकूड असतं, कापडी झालरी असतात, कित्येक वर्षांची धूळ असते. वायरिंगवर किती लोड चालतो हे तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय एकही डिमर, म्हणजे लाइट कमीजास्त करायचं यंत्र, जोडायचा नाही. भाड्यानं घेताना एलइडी पार लाइट घ्या, जुने हॅलोजन घेतले तर लोड पण जास्त आणि झालरीला तापमान पण जास्त. सावकारी थाट दाखवायला समई, मशाल, धुपाटणं असलं काही खरं पेटवणार असाल तर विंगेत वाळूची बादली, आग विझवायचा सिलेंडर आणि त्या कामावर फक्त एक माणूस, त्याला दुसरं काही सांगायचं नाही. देवळात तर ज्योत असतेच, तिच्यापासून कापड लांब.

तिसरं आवाज. रिकाम्या हॉलमध्ये तालीम करताना आवाज घुमतो, लोक भरले की तोच हॉल आवाज खातो, त्यामुळे दुपारच्या तालमीवर साउंड सेट करून बसू नका. दगडी मंडपात उलटं, तिथं भरला तरी घुमतो, तिथं नटांनी सावकाश बोलायला पाहिजे, वाक्याची शेवटची अक्षरं गिळायची नाहीत. कॉलर माइक सगळ्यांना लावायचा मोह होईल, तो टाळा, कपड्यात घासतो, घामानं बंद पडतो आणि दोन पात्रं जवळ आली की शिट्टी. पुढं दोन चांगले माइक, वर लटकवलेले दोन, बास झालं. गाणारे नट तुमच्याकडं आहेत तर त्यांच्या गळ्यावर विश्वास ठेवा.

कागदपत्रं पण सांगतो, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र सोबत ठेवा, पोलिसांची परवानगी तिकीट लावणार असाल तर हॉलवाले मागतातच. देवल 1916 ला गेले त्यामुळे मूळ संहितेवर आता कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही दुसऱ्या कुणी केलेली संपादित रंगावृत्ती वापरत असाल तर त्यांची परवानगी घ्या. स्वतः कापलं असेल तर प्रश्न नाही.

नाशिकची_नलिनी

विंगेतले दादा, पडद्यांचं अगदी पटलं. शारदाचा आणि आमच्या नाशिकचा संबंध कुणी काढला नाही म्हणून थोडं लिहिते. 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ते विजयानंद थिएटरात, आणि त्या रात्री किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग होता शारदाचा. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मला वाटायचं नाट्यगृह म्हणजे केवढी मोठी गोष्ट, जिथं नाटक होतं आणि इतिहास पण तिथंच घडतो. पुढं त्याच थिएटरात सिनेमे लागायला लागले. महाराष्ट्रात कितीतरी जुनी थिएटरं अशीच आधी टॉकीज झाली आणि मग गोडाऊन नाहीतर कॉम्प्लेक्स झाली.

तुमच्या दौऱ्यात जिथं आज नाट्यगृह उरलंच नाही अशी पण एखादी जागा घ्या असं सुचवीन. त्या गावात, त्या जागेच्या जवळच्या एखाद्या शाळेत किंवा वाचनालयात करा आणि प्रयोगाआधी पाच मिनिटं त्या गेलेल्या थिएटरबद्दल बोला. गावातली म्हातारी माणसं स्वतःहून पुढं येऊन आठवणी सांगतात, ते रेकॉर्ड करून ठेवा.

स्पष्टच_बोलतो

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. ऐतिहासिक वास्तू, पुण्यभूमी, हे सगळं ठीक आहे, पण हौशी संस्थेचे पैसे आणि रजा दोन्ही मोजके असतात. जुन्या नाट्यगृहात बऱ्याच ठिकाणी मेकअप रूमला पाणी नाही, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, एसी बंद, खुर्च्या मोडक्या, ढेकूण पण असतात काही ठिकाणी. प्रेक्षक घरातून निघताना हाच विचार करतो. त्यापेक्षा तालुक्यातालुक्यात चांगल्या अवस्थेतले कॉलेजचे हॉल असतात तिथं पाच प्रयोग जास्त होतील, तरुण पोरं बघतील. शारदा त्यांनी बघायला पाहिजे, मुलीचा सौदा करणारा बाप, पैसेवाला म्हातारा आणि मध्ये कमिशन खाणारा भद्रेश्वर, हे आजच्या पोरांना लगेच कळतं. नाटक जिवंत ठेवायचं की इमारत, आधी हे ठरवा.

कृष्णाकाठचा_कोदंड

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. पडद्यांचं आजच बैठकीत मांडलं, आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी एक पडदा रंगवायला घेतो म्हणून सांगितलं पण. हरिपूरला निवडक प्रवेश हे पण पटलं.

स्पष्टच_बोलतो, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, स्वच्छतागृहाचं तर आमच्यातल्या मुलींनी पहिल्यांदा विचारलं. पण एक सांगतो. आमच्या कॉलेजच्या हॉलला आम्ही प्रयोग केला तेव्हा पोरं आली, बघून गेली. मागं एकदा एका जुन्या नाट्यगृहात स्पर्धेला गेलो तर आमची शारदा करणारी मुलगी तालमीआधी अर्धा तास नुसती रंगमंचावर फिरत होती, आणि त्या दिवशी ती जी गायली ती परत कधी तशी गायलेली मी ऐकली नाही. जागा नटाला काहीतरी देते हो, हे मी मान्यच करतो. त्यामुळे कॉलेजं पण करू आणि जुनी थिएटरं पण करू, रजा जुळवू कशातरी.

कोकण आणि गोव्याबद्दल कुणी लिहील का? तिथल्या देवळांत आम्हाला कुणी उभं करेल का हीच शंका आहे.

वालावलीचो_पोरगो

येवा, कोकणात बिनधास्त येवा. शंका कसली घेताय.

आमच्याकडं देऊळ हेच थिएटर, आणि ते कधी बंद पडलं नाही. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, एकेक गाव, एकेक देऊळ, आणि जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा झाली की दशावतारी कंपनीचा खेळ उभा राहतो तो पहाटेपर्यंत, शेवटी दहीकालो. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, पार्सेकर, चेंदवणकर, खानोलकर, ह्या कंपन्यांची नावंच बघा, गावावरून पडलेली. म्हणजे तुम्ही छोट्या गावची नाटक कंपनी म्हणताय ना, आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या तेच चाललंय. पूर्वी तर पेटारा डोक्यावर घेऊन चालत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला जायचे, दिवसा चाल आणि रात्री खेळ.

सेट म्हणाल तर एक बाक. राजाचं सिंहासन तेच, रथ तोच, डोंगर तोच. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. संहिता नाही, आधी आडदशावतार होतो, गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, ब्राह्मण, संकासुर, विष्णू, आणि मग आख्यान, त्यातली सगळी भाषणं उभ्या उभ्या बोलायची. राजपार्टी नट तासभर न अडखळता बोलतो. आणि समोर देव बसलेला असतो, त्याच्या साक्षीनं. आता लायटिंग आणि ट्रिकसीन आलेत, पण मूळ तेच.

तुमच्या उपयोगाचं सांगतो. जत्रेच्या मुख्य रात्री येऊ नका, ती रात्र दशावताराची असते आणि ती मानाप्रमाणे कुठल्या कंपनीची ते बऱ्याच देवळांत पिढीजात ठरलेलं असतं, तिथं बाहेरच्यानं मध्ये शिरणं बरं दिसत नाही. पण हरिनाम सप्ताह, वर्धापनदिन, शिमग्याच्या आसपासचे दिवस, असे कार्यक्रम असतात तेव्हा संगीत नाटकाला लोक आवडीनं बसतात. देवस्थान कमिटी आणि गावचे मानकरी यांना भेटा, प्रत्यक्ष भेटा, पत्र पाठवून काम होत नाही. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, मग नाटक. चामड्याच्या चपला, मांसाहार, दारू यांचे देवळाच्या आवारातले नियम आधीच सगळ्या टीमला सांगून ठेवा, विशेषतः टेम्पो ड्रायव्हरला. मेकअपला वेगळी खोली मिळेलच असं नाही, देवळामागं पडवीत कनात लावून मुलींची सोय करायला सांगा, गावातल्या बायका घर उघडून देतात, लाजायचं नाही.

मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, ते पण बघा, पण मी तुम्हाला मनापासून सांगतो की आधी देवळात करा. आमचो प्रेक्षक रात्री दोनला पण जागो असता, आणि चांगला झाला तर सकाळी चहा पाजल्याशिवाय सोडत नाय.

फोंड्याची_शैला

गोव्यातून लिहिते. आमच्या गावांत देवाच्या उत्सवाला नाटक असतंच, पुष्कळदा गावचीच मंडळी करतात, दुकानदार, शिक्षक, सरकारी नोकरीवाले, तुमच्यासारखेच. पालखी झाली की नाटक, आणि रात्री उशिरा सुरू होतं, पूर्वी तर उजाडायचं. घरटी कुणीतरी नाटकात असतंच. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचं नाव घेतल्याशिवाय तर पुढं जाताच येत नाही, 1918 ला त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली तेव्हा ते सतरा अठरा वर्षांचे होते. अशा वातावरणात वाढलेले आमचे लोक संगीत नाटकाला नाही म्हणणार नाहीत.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गावची मंडळी आपलं नाटक बसवून तयार असतात, त्यांची हक्काची रात्र घेऊ नका, उत्सव अनेक दिवसांचा असतो, त्यातली दुसरी रात्र मागा, आणि शक्य असेल तर त्यांच्या नाटकाच्या रात्री तुम्ही थांबून प्रेक्षकांत बसा. त्याचा फार उपयोग होतो, पुढच्या वर्षीचं बोलावणं तिथंच मिळतं. दुसरं, आमच्याकडं पदं लोकांना पाठ आहेत. शारदातलं पद गाळलंत तर मध्यंतरात विचारायला येतील. तुम्ही पदं ठेवलीत ते वाचून बरं वाटलं.

देवळाबाहेर करायचं असेल तर फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगावला रवींद्र भवन, पणजीला कला अकादमी. पण ही मोठी नाट्यगृहं आहेत, तुमचा सेट तिथं लहान पडेल, पडद्यांचा जो विचार केलाय तोच बरा.

स्पष्टच_बोलतो

कोकण गोव्याचं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. देवळात प्रेक्षक आधीच जमलेला असतो, तिथं तिकीट विकायची चिंता नाही, मग तिथं जाण्यात शहाणपणच आहे. जुन्या नाट्यगृहांबद्दल मात्र एवढंच म्हणेन की जिथं प्रयोग कराल तिथं नंतर व्यवस्थापनाला लेखी द्या, काय चांगलं होतं, काय मोडलंय, पाणी होतं का, वायरिंग कसं होतं. प्रत्येक संस्थेनं असं एक पत्र दिलं तर नोंद तरी राहील. तोंडी तक्रार कुणी ऐकत नाही.

खासबाग_कोल्हापूर

हे पत्राचं बेस्ट आहे, आम्ही पण करतो इथनं पुढं. फोटो जोडून द्यायचं.

विंगेतला_माणूस

कोदंड, गोव्याचं फायनल झालं तर टेम्पो घाटातून नेताना पडद्यांच्या गुंडाळ्या ताडपत्रीत बांधा आणि पडद्याच्या आत वरून खालून लाकडी दांडी ठेवूनच गुंडाळा, घडी घातली तर रंगाला भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. पडदे रंगवताना कापडाला आधी खळ द्यायला ड्रॉइंगच्या सरांना सांगा, नाहीतर रंग कापडात मुरतो आणि पहिल्याच प्रयोगाला फिका दिसतो. सरांना मापं पाहिजे असतील तर मला मेसेज करा, सांगली आणि मिरजेच्या स्टेजची माझ्या वहीत आहेत, दोन्हीकडं चालेल अशी रुंदी काढून देतो.

पेठेतला_पेटीवाला

आणि ती पायपेटी कुठली ते अजून सांगितलं नाहीत. फोटो टाका, आतला भाता आणि सुरांची पट्टी दिसेल असा. दौऱ्याआधी उघडून साफ करायला लागेल, मिरजेत आणलीत तर मी सोबत येतो.